टॅबलेटवरील सही

पीककर्ज, विमा, ठिबक संचाची खरेदी अशा कामांचे कागद हल्लीं पुष्कळ ठिकाणीं टॅबलेटवर पुढें येतात. सही करणें सोपें झालें; परंतु सही म्हणजे संमति, हा नियम बदललेला नाहीं. म्हणून या सहीचें स्वरूप आम्ही सभासदांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

हिचे मुख्य प्रकार दोन. पहिला, कांचेवर बोटानें काढलेली सही. ही केवळ आकृति होय. ती उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवितां येते. तरीहि करार मान्य केल्याचा पुरावा म्हणून ती पुढें येऊं शकते. दुसरा, डिजिटल सही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 यानें तिला मान्यता दिली आहे. हिच्यांत संगणक सबंध मजकुराचा गणिती ठसा काढतो व तो सही करणाराच्या गुप्त किल्लीनें मुद्रांकित करतो. पुढें एक आंकडा जरी बदलला तरी ठसा जुळत नाहीं व फेरफार उघडकीस येतो. महाराष्ट्रांत 2018 पासून मिळूं लागलेला डिजिटल सातबारा याच जातीचा. छापील प्रतीवर मात्र ही तपासणी होत नाहीं. तिच्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घालून खात्री करावी.

सही करतांना पुढील गोष्टी पाळाव्या :

1. सहीची चौकट तेवढीच दाखविली तर थांबावें. सबंध कागद वाचावा किंवा विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावा. रक्कम, व्याज, मुदत व गट नंबर विशेष पाहावे.

2. दुरुस्ती सहीपूर्वी लिहून समोरच्या पक्षाची मान्यता घ्यावी. डिजिटल सहीनंतर घातलेली टीप सही झालेल्या मजकुराचा भाग होत नाहीं.

3. आधारवरील ई-सहींत मोबाईलवर आलेला ओटीपी देणें हीच सही होय. तो परक्यास सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणें.

4. सहीनंतर मूळ फाईल मागून घ्यावी. पडद्याच्या छायाचित्रांत डिजिटल सही उतरत नाहीं.

या सहीस मर्यादाहि आहेत. मृत्युपत्र वरील कायद्यांतून वगळलेलें आहे; तें कागदावर साक्षीदारांसमक्षच करावें. तसेंच जमिनीचें खरेदीखत 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदल्याशिवाय पुरें होत नाहीं.

बीं पारखल्यावांचून आपण पेरीत नाहीं. कागदाच्या बाबतींतहि आमचे बंधू तीच दक्षता ठेवतील, अशी आशा आहे.