पियानोवाला समाजशास्त्रज्ञ : हॉवर्ड बेकर

समाजशास्त्राच्या तासाला ‘विचलन’ शिकताना हॉवर्ड बेकर हे नाव मी प्रथम ऐकले. बेकर यांचा जन्म १९२८ साली शिकागोत झाला. दुसऱ्या महायुद्धात थोरले वादक सैन्यात गेले, तेव्हा शाळकरी बेकर रात्री दारूच्या गुत्त्यांत पियानो वाजवू लागले. शिकागो विद्यापीठात गेल्यावरही पियानो सुटला नाही. उलट सोबतचे वादकच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाले. त्यांच्यावरचा लेख १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली.

वादक श्रोत्यांना ‘स्क्वेअर’, म्हणजे अरसिक, म्हणून हिणवीत आणि समाज वादकांना वाया गेलेले समजे. बेकरांनी दोन्ही बाजू पाहिल्या. ‘आउटसायडर्स’ या १९६३ च्या ग्रंथात ते सांगतात की, विचलन कृत्यातच नसते. समाज नियम करतो आणि ते मोडणाऱ्यावर शिक्का मारतो. १९८२ च्या ‘आर्ट वर्ल्ड्स’मध्ये त्यांनी दाखविले की, कला एकट्याची नसते; वाद्य घडविणाराही तिचा वाटेकरी असतो. २०२३ साली ते निवर्तले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरचा कामधंदा उंबरठ्याबाहेर ठेवूनच विद्या मिळते, असे मला वाटे. बेकरांनी तर पोटाच्या धंद्यातूनच शास्त्र उभे केले.