डावा कोपरा सोडण्याआधी

आरमोरी

चि. बाबूस,

तुझा मेसेज वाचला. नागपूरचं एक कॉलेज फी माफ करतंय, वसतिगृहही देतंय, आणि पुढच्या वर्षी तू तिकडे जायचं म्हणतोस. कारणंही लिहिलीस. तीन सिनियर पास होऊन गेले, आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाहेर पडलात, आणि सर आता तुझ्याच वर्षाची पोरं घेऊन नव्यानं संघ बांधतो म्हणतात. 'मामाजी, या संघात राहून माझं काय होणार?' असं विचारलंस. ताई म्हणते, तूच सांग त्याला. फोनवर दोघंही तापू, म्हणून लिहून पाठवतो.

आधी एक सांगून टाकतो. नागपूरला जाण्यात पाप नाही. आपल्या जिल्ह्यातली पोरं शिकायला, खेळायला, पोटासाठी बाहेर गेलीच आहेत आणि पुढेही जातील. गडचिरोलीत जन्मलास म्हणून गडचिरोलीतच हरत बस, असं सांगणारा मामा मी नव्हे. पण तू दिलेली कारणं कॉलेजच्या कुठल्याही संघाला लागू पडतात, नागपूरच्याही.

पदवी तीन वर्षांची. खेळाडू सरांच्या हाताखाली जेमतेम तीन हंगाम राहतो. पहिला हंगाम शिकण्यात जातो, दुसऱ्यात तो रुळतो, तिसऱ्यात चमकतो आणि निरोप समारंभ आटोपून निघून जातो. क्लबाला तेच सात जण वर्षानुवर्षं खेळवता येतात, कॉलेजला ती सोय नाही. तीन चांगले एकदम आले की एकदमच जातात. ज्या संघाचा तुला मोह पडलाय, तिथलेही भरवशाचे गडी एक दिवस असेच जाणार. तेव्हा कुठे पळशील?

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या मैदानावर मी तुमचा सामना पाहिला. तू डाव्या कोपऱ्यावर होतास. समोरचा चढाईपटू बोनससाठी पाय टाकायला आला आणि तू त्याचा घोटा पकडलास. पकड चोख होती. पण तुझ्या शेजारी कव्हरवर उभा असलेला भामरागडकडचा पोरगा पाहतच राहिला. तो अंगावर येईपर्यंत चढाईपटू तुला फरफटत घेऊन गेला आणि मध्यरेषेला हात टेकवून मोकळा झाला. तू उठून त्या पोरावर डोळे वटारलेस, तेही मी पाहिलं.

उत्तरार्धात तोच चढाईपटू पुन्हा तुझ्या अंगावर आला. या वेळी तू खांदा झुकवलास आणि तू झेप घ्यायच्या आत कव्हर हलला. घोटा तुझ्या हाती, कंबर त्याच्या हाती, आणि गडी जागच्या जागी आडवा. सामना तुम्ही हरलात, त्यामुळे घरी जाताना तुझ्या डोक्यात पहिली पकड घोळत होती. माझ्या मते त्या दिवसाची कमाई दुसरी पकड होती. कबड्डीत घोटा एकट्याला धरता येतो, गडी मात्र एकट्यानं अडत नाही. कोपऱ्याचा खांदा झुकला की काय होणार, हे कव्हरला फळ्यावर शिकवता येत नाही. त्याला रोज संध्याकाळी तुझ्या शेजारीच उभं राहावं लागतं.

आपल्याकडे तर ही जुळणी आणखी वेळखाऊ. तुमच्या संघात एक माडिया बोलणारा, एक सिरोंच्याचा, घरी तेलुगू बोलणारा, एक कोरचीकडचा, एक मुलचेऱ्याच्या बंगाली घरातला. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात भामरागडची वाट अडली की पोरगा सुटीवरून वेळेत परतत नाही. असे सात जण जून-जुलैत पहिल्यांदा एकमेकांची तोंडं पाहतात आणि हिवाळ्यात त्यांनी साखळी धरून गडी पाडावा अशी आपली अपेक्षा असते. तू धानाच्या घरातला आहेस. रोवणी झाल्यावर बांधी काही दिवस पिवळी पडते, मुळं धरली की मग हिरवी होते. त्या पिवळ्या दिवसांत कुणी रोप उपटून शेजाऱ्याच्या बांधीत नेऊन लावत नाही.

तू प्रो कबड्डी पाहतोस, म्हणून पुणेरी पलटणची आठवण करून देतो. 2014 आणि 2015 च्या पहिल्या दोन्ही हंगामांत हा संघ तळाला होता. नंतर वर आला, पुन्हा घसरला. 2021 च्या अखेरीस सुरू झालेल्या आठव्या हंगामात त्यांनी अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी नवी पोरं मैदानात उतरवली. डिसेंबर 2022 मध्ये अंतिम सामना गाठला आणि जयपूरकडून चार गुणांनी हरले. तेव्हा संघ मोडला नाही. त्याच अस्लमच्या नेतृत्वाखाली 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पैसाही ओतला होता, हे विसरू नको. इराणच्या शादलूईसाठी त्यांनी दोन कोटी पस्तीस लाख मोजले होते. पण एक महागडा गडी आला म्हणून बाकीच्या सहांची जुळणी आपोआप होत नाही, ती आधीच्या हंगामांत झाली होती. आणि पुढच्याच हंगामात हा विजेता संघ पहिल्या सहांतही नव्हता. म्हणजे वर-खाली होणं कुणालाच चुकलं नाही.

कॉलेजचंच उदाहरण हवं तर अमेरिकेत बघ. तिकडे कॉलेजच्या फुटबॉलला जत्रा लोटते. हातात चेंडू घेऊन धावायचा त्यांचा तो फुटबॉल. शिकागोजवळचं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ 1979 ते 1982 या काळात ओळीनं 34 सामने हरलं होतं. 1992 मध्ये गॅरी बार्नेट नावाचे प्रशिक्षक आले. त्यांच्या पहिल्या तीनही हंगामांत संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. चौथ्या हंगामात, 1995 मध्ये, तोच संघ आपल्या गटाचा विजेता झाला आणि 1 जानेवारी 1996 ला रोझ बाऊलचा मानाचा सामना खेळला. तोही हरला, पण तिथवर पुन्हा पोचायला त्या विद्यापीठाला 47 वर्षं लागली होती. तिकडे पदवी चार वर्षांची. 1992 ला पहिल्या वर्षाला आलेला जो पोरगा तीन वर्षं मार खात टिकला, तो चौथ्या वर्षी त्या संघात होता. मध्येच गेला त्यानं फक्त हरणंच पाहिलं.

आता तू म्हणशील, मामाजी, नुसतं टिकून सगळेच संघ वर येतात का? नाही येत. काही संघ बांधले जात असतात, काही नुसते मोडत असतात, आणि दोघांचा गुणफलक सारखाच दिसतो. फरक तीन ठिकाणी कळतो. पहिलं, सराव नेमानं होतो का. सामना तोंडावर आला की चार दिवस मैदान गाठणं म्हणजे बांधणी नव्हे. दुसरं, चुकणाऱ्याला पुन्हा संधी मिळते का. दर पराभवानंतर सातच्या सात नावं बदलत असतील तर सरांनाच काय करायचंय ते ठाऊक नाही. तिसरं, हरण्याची तऱ्हा बदलतेय का. आधी दहाव्या मिनिटाला लोण बसत होता, आता उत्तरार्धात बसतो. आधी करो या मरोच्या तिसऱ्या चढाईला कुणीच जायला तयार नसायचं, आता दोघं पुढे होतात. हे गुणांत दिसत नाही, ज्याला खेळ कळतो त्याला दिसतं.

या तिन्हींची उत्तरं 'नाही' अशी आली तर खुशाल जा, वडशाला गाडीत बसवून द्यायला मी स्वतः येईन. घरची ओढाताण हे कारण असेल तर तेही खरं कारण आहे, त्यात लाजू नकोस, आधी माझ्याशी बोल. पण नुसतं हरण्याची लाज वाटते म्हणून जाऊ नकोस.

आपला खेळ कुणाला दिसणार नाही, ही भीतीही काढून टाक. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, त्याआधी आपली कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती आणि इथल्या पोराला त्या मोठ्या गर्दीतून निवडून यावं लागे. आता चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांतून विद्यापीठाचा संघ निघतो, आणि पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. हरलेल्या कॉलेजातला चांगला कोपरा निवड चाचणीत झाकला जात नाही.

राहायचं ठरवलंस तर नीट राहा. एक पाय इथे आणि एक नागपुरात ठेवून सरावाला जाणारा गडी गेलेल्या गड्यापेक्षा जास्त नुकसान करतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सरांची टिंगल चालली की तू त्यात इमोजी टाकू नकोस. चूक दिसली तर सरांना तोंडावर सांग, तेही सराव संपल्यावर. भामरागडच्या त्या पोराला जेवायला बरोबर घेऊन जा, त्याच्या माडियातल्या चार हाका शिकून घे आणि तुझ्या चार त्याला शिकव. पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळणारी पोरं मैदानावर असतातच, त्यांच्याबरोबर पळ, दम वाढेल. आणि कधी राखीव म्हणून बाहेर बसवलं तर तोंड पाडून बसू नकोस, समोरचा चढाईपटू कुठल्या पायानं सुरुवात करतो ते बघून आतल्याला सांग.

हे सगळं करूनही तुमचा संघ पुढच्या वर्षी जिंकेल असा शब्द मी देत नाही. कदाचित तू तिसऱ्या वर्षाला असतानाही तुम्ही उपांत्य फेरीतच हराल, आणि खरं फळ तुझ्यामागून आलेल्या पोरांना मिळेल. तरी कव्हरला हलायला शिकवलेला कोपरा म्हणून तुझं काम वाया जात नाही. पुढे नोकरीत, गावात, घरात पडत्या काळात माणसं सोडून जातील तेव्हा कोण टिकतं हे लोक पाहतात, आणि ती सवय अशाच वयात लागते.

निर्णय तुझा. मात्र जायचं असो वा राहायचं, सरांना तूच जाऊन सांग. दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळता कामा नये. आणि हा हंगाम संपेपर्यंत सरावाची एकही संध्याकाळ चुकवू नकोस. गुडघ्याचा पट्टा सैल झालाय असं ताई म्हणत होती. माप कळव, वडशाहून नवा घेऊन पाठवतो.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा
मामा