अर्धं अक्षर कुठे हरवलं? सॉकेटमधून मराठी वाचताना

सुट्टीत बारडोलीला घरी असताना मंडळाचे लेख वाचण्यासाठी मी पायथनमध्ये छोटा क्लायंट लिहिला. सर्व्हर मैत्रिणीच्या संगणकावर. लेख उघडला, तर शब्दांच्या मधेच प्रश्नचिन्हं! संपादिकेने माझ्या टायपिंगला दोष दिला. गुजरातेत वाढलेल्या मुलीचं मराठी, म्हटल्यावर असा दोष पटकन चिकटतो. म्हणून खरी चूक शोधायचीच ठरवली.

१. टीसीपी हा प्रवाह आहे. आमच्याकडे ऊस भरपूर, म्हणून उदाहरण रसाचं. चरकातून रस सलग येतो. ग्लास कुठे भरला ते आपण बघायचं. टीसीपी बाइट क्रमाने देतं, पण एक संदेश कुठे संपला हे सांगत नाही. रीड(१०२४) म्हणजे ‘जास्तीत जास्त १०२४ बाइट’, ‘नेमके १०२४’ नव्हे.

२. मराठी अक्षर मधेच तुटतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. काना, मात्रा, हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. तुकडा चिन्हाच्या मधे तुटला आणि मी तो लगेच डीकोड केला, की प्रश्नचिन्ह उमटतं. साधं इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, म्हणून माझ्या इंग्रजी चाचणीत काहीच बिघडलं नव्हतं.

३. उपाय. सर्व्हरने आधी ४ बाइटमध्ये लांबी पाठवायची, मग मजकूर. क्लायंटने रीडएक्झॅक्टली वापरून आधी ते ४ बाइट घ्यायचे, मग सांगितलेले तेवढे, आणि सगळे हाती आल्यावरच डीकोड करायचं. इथेही आम्ही फसलो: लांबी चिन्हांत मोजली. ‘नमस्कार’साठी ७ पाठवले, तर मिळालं ‘नम’ आणि ‘स’चा एक तृतीयांश! लांबी एन्कोड केल्यानंतरच मोजा.

४. वाट पाहण्याची शिस्त. अवेट लिहिलं की उत्तर येईपर्यंत बाकीची कामं चालू राहतात, खिडकी गोठत नाही. पण वाट पाहायलाही मर्यादा हवी, म्हणून टाइमआउट लावा. साध्या रीडमधून शून्य बाइट आले, तर समोरच्याने पाठवणं बंद केलंय असं समजा आणि लूप थांबवा. नाहीतर तो रिकामाच फिरत राहतो.

अडलात, तर आधी प्रत्येक रीडमध्ये किती बाइट आले ते छापून बघा. मला तिथेच उत्तर सापडलं.

आता लेख नीट दिसतात. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं अजून आहे. ते मात्र माझंच.