नव्या दुकानातील रोजगाराचा हिशेब

एखाद्या मोठ्या कंपनीचे दुकान आपल्या भागात निघणार असे कळले, की त्यात किती लोकांना काम मिळेल असा प्रश्न प्रथम विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर कसे काढावे, हे ब्रिटनच्या अनुभवावरून समजून घेता येईल.

१९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये २८० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांस रविवारी सहा तासच विक्री करता येते. लहान दुकानांवर हे बंधन नाही. शिवाय दाट वस्तीत मोठी जागा मिळणे कठीण असते. यास्तव तेथील सुपरमार्केट कंपन्या घरांजवळच्या छोट्या दुकानांकडे वळल्या. टेस्को कंपनीने १९९४ साली व सेन्सबरीज कंपनीने १९९८ साली अशी दुकाने काढण्यास आरंभ केला. २००२-०३ मध्ये टेस्कोने दुसऱ्या कंपनीची आठशेहून अधिक चालू दुकाने विकत घेतली. चालू दुकान विकत घेतल्याने मालक बदलतो; तेथील जुन्या नोकऱ्या नवा रोजगार म्हणून मोजता येत नाहीत.

काम किती टिकते हेही पाहावे लागते. मॉरिसन्स कंपनीने २०११ साली छोटी दुकाने सुरू केली व २०१५ मध्ये सुमारे १४० दुकाने विकून टाकली. नव्या मालकाचा व्यवसाय २०१६ मध्येच बुडाला. बहुतेक दुकाने बंद झाली आणि अनेक लोकांचे काम गेले.

तिसरी बाब कामाच्या तासांची. समजा, नव्या दुकानात २० जणांना आठवड्यास प्रत्येकी १६ तास काम मिळाले. एकूण ३२० तास झाले. ४० तासांचा आठवडा धरल्यास हे आठच माणसांचे पूर्ण काम होय. त्यामुळे जवळची दोन किराणा दुकाने बंद पडून पाच जणांचे पूर्ण काम गेले, तर निव्वळ वाढ तिघांचीच.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा. शेतकरी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा दुकानांना भाजीपाला स्वच्छ, निवडलेला व प्रतवारी केलेला लागतो. ही कामे शेतकऱ्यांच्या गटाने गावातच केल्यास त्यांची मजुरी गावात राहते. मात्र रोज किती माल लागेल, कोणता माल परत केला जाईल आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे करारात प्रथम लिहून घ्यावे व मगच लागवड वाढवावी.