खांद्याची सूज उतरत नाही? आधी निदान, मग औषध

"ओझं उचलून खांदा भरून आलाय, बाम चोळला की जाईल," असे म्हणत आपल्या घरातली माणसे महिनोन्‌महिने काढतात. फारच दुखले तर दवाखान्यात एक सुई. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. सुईने दुखणे दबते, कारण कळत नाही. दुखणे किंवा सूज दोन-तीन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मला नेमके काय झाले आहे?"

खांदा अनेक कारणांनी दुखतो. हात स्वतःहून वर जात नाही, पण दुसऱ्याने हळू उचलला तर जातो, अशा वेळी स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, फाटलेली असू शकते. दुसऱ्याने उचलूनही हात जात नाही, वेणी घालता येत नाही, तर खांदा आखडला असेल. हा त्रास मधुमेहींना जास्त होतो; म्हणून रक्तातील साखर तपासून घ्या. मात्र आखडलेल्या खांद्याला सहसा सूज नसते. सूज दिसते तेव्हा संधिवात, सांध्यात साठलेले पाणी, जंतुसंसर्ग किंवा गाठ यांचा शोध घ्यावा लागतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे असेल तर क्षयाची तपासणी हवी. क्षय सांध्यालाही होतो.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही. म्हणून "एक्स-रे चांगला आहे" म्हणजे काहीच नाही, असे समजू नका. गरजेप्रमाणे रक्ततपासणी, सोनोग्राफी, एमआरआय किंवा सांध्यातले पाणी काढून तपासणी करतात. जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा.

जाताना चार गोष्टी लिहून न्या : दुखणे कधी सुरू झाले, पडणे-आपटणे झाले का, रात्री झोपमोड होते का, आजवर कोणती औषधे घेतली. जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवा.

पुढील लक्षणे दिसली तर थांबू नका. सांधा लाल, गरम होऊन ताप आला किंवा पडल्यावर खांद्याचा आकार बदलला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खांदा चोळून किंवा ओढून घेऊ नका. खांद्यासोबत छातीत दाब, घाम, दम लागला तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. लगेच 108 ला फोन करा.

तपासणीला एक दिवसाची मजुरी बुडते खरी. पण हात कायमचा अडला, तर रोजची मजुरी जाते.