तिसरी घंटा

(मराठी नाटकाची परंपरा सांगलीत सुरू झाली. साताऱ्यात जन्मलेल्या एका डॉक्टरांनी नाटकासाठी आपला व्यवसाय सोडला. या परंपरेची आणि या कलावंताची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, तुम्ही चित्रपट नेहमी पाहता. पण नाट्यगृहात बसून नाटक पाहिले आहे का? तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि जिवंत माणसे आपल्यासमोर बोलू लागतात. चित्रपटात संवाद चुकला, तर तो प्रसंग पुन्हा चित्रित करता येतो. नाटकात मात्र तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणतात. सन 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी तेथील राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. तेव्हा विजेचे दिवे नव्हते, ध्वनिक्षेपकही नव्हता. शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवणे हे नटाचेच काम होते. या नाटकाची आठवण म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतात. त्या दिवशी सांगलीत ज्येष्ठ कलावंताला विष्णुदास भावे यांच्या नावाचे पदक देतात.

डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म 1927 साली साताऱ्यात झाला. ते कान, नाक व घसा यांचे डॉक्टर होते. आफ्रिकेतही त्यांनी काम केले. हाती चांगला व्यवसाय होता. पण मन नाटकात होते. चाळिशी उलटल्यावर, 1969 साली, त्यांनी डॉक्टरकी सोडली. नाटक चालले नाही, तर पुढे काय? तरीही त्यांनी धाडस केले.

23 डिसेंबर 1970 रोजी वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. अप्पासाहेब बेलवलकर हा वृद्ध नट आपले सर्वस्व मुलांना देतो आणि शेवटी बेघर होतो. ही भूमिका करताना डॉ. लागू अवघे 43 वर्षांचे होते. प्रत्येक प्रयोगात त्यांना म्हातारे व्हावे लागे आणि तेच दुःख नव्याने सोसावे लागे.

मुरलेला नट कधी कधी काहीच बोलत नाही, नुसता थांबतो. तेव्हा सारे प्रेक्षक श्वास रोखून बसतात. ही शांतता नट आणि प्रेक्षक मिळून घडवतात.

डॉ. लागूंच्या आत्मचरित्राचे नाव 'लमाण' असे आहे. नजीर अकबराबादी यांच्या 'बंजारानामा' या उर्दू कवितेतला बंजारा तुम्हांला आठवत असेल. लमाण म्हणजे तोच! तो एका गावचा माल दुसऱ्या गावी नेतो. नटही लेखकाचे शब्द प्रेक्षकांपर्यंत नेतो.

डॉ. लागू 17 डिसेंबर 2019 रोजी वारले. त्यांचे चित्रपट आजही पाहता येतात. पण रंगमंचावरचे अप्पासाहेब आता पुन्हा दिसणार नाहीत. म्हणून साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा तुमच्या गावी ज्येष्ठ कलावंताचे नाटक आले, तर जरूर पाहा.

शब्दार्थ
प्रयोग – नाटक एकदा करून दाखवणे
ध्वनिक्षेपक – लाउडस्पीकर
सर्वस्व – जवळ असलेले सगळे
मुरलेला – पुष्कळ अनुभव असलेला

स्वाध्याय
1. मराठी रंगभूमी दिन केव्हा व का पाळतात?
2. डॉ. लागू यांनी कोणते धाडस केले?
3. नटाला 'लमाण' का म्हटले असावे?
4. 'श्वास रोखणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.