लाईट गेली, पंखे थांबले आणि सेल्फ लागेना

रोहिणी लागल्या की पेणच्या खारेपाटातून आणि रोह्याच्या खाडीकाठावरून मला रात्री-बेरात्री फोन येतात, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं. लाईट गेली, तळ्यातले पंखे थांबले, जनरेटरला चावी मारली तर एकतर काहीच नाही, नाहीतर नुसतं टिकटिक. खाद्य, बियाणं, चुन्याची मात्रा, पाण्याचा पीएच यांवर या वेळी मी एक ओळही खर्च करणार नाही, ते तुम्हाला येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोडलेली कोळंबी आता काढणीला आली आहे, तळ्यात वजन भरपूर आहे, आणि हे सगळं एका चावीच्या स्विचवर लटकलंय. तो स्विच मृग निघायच्या आत तपासा, खराब निघाला तर बदलून घ्या. लेख एवढ्यासाठीच आहे.

हाच काळ का, ते आधी नीट समजून घ्या. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ, कोळंबी आणि तळाचा गाळ मिळून तो संपवतात. त्यामुळे विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी. मळभाचे दोन-तीन दिवस लागले की दिवसाची भर पडतच नाही. त्यात गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. वळवाची सर आली की गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली दबतं. पंखे बंद असले तर हे दोन थर मिसळत नाहीत, आणि कोळंबी असते तळाला. लिटरला चार मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला पाहिजे. तीनच्या खाली ती मलूल होते, खाद्य सोडते. दोनच्या खाली गेला की कडेला येऊन तोंड वर काढते. दाट सोडलेल्या तळ्यात पंखे थांबल्यापासून तिथवर पोचायला एक-दोन तास पुरतात. जिताडा जरा चिवट, पण पिंजऱ्यात कोंडलेल्या जिताड्याचीही तीच गत. आणि लाईट जाते ती नेमकी त्याच सरीबरोबर, वाऱ्याबरोबर.

३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं आणि जिल्ह्यात खांबांच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. कित्येक गावांत दोन-तीन आठवडे लाईट नव्हती. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला तौक्ते समुद्रातून नुसतं बाजूने गेलं, तरी लाईट गेलीच. महावितरणची माणसं रात्रंदिवस काम करत होती, पण तुमचं तळं त्यांची वाट बघत थांबत नाही.

आता स्विचबद्दल. पेट्रोलवरच्या जनरेटरला जी चावी असते तिची तीन ठाणी: बंद, चालू आणि सेल्फ. सेल्फची मोटर फिरवणारा मोठा करंट या चावीतून जात नाही. चावी फक्त सोलेनॉईडला इशारा देते आणि मोठा करंट जाड केबलमधून सोलेनॉईड सोडतो. चावीच्या पोटात पितळेची छोटी पाती असतात. खाडीवरचा खारा वारा त्यांच्यावर बसतो, हिरवं चढतं, चिमूटभर करंटही अडतो. वर्षभर जनरेटर झाकून ठेवलात तरी हे होतं. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं असेल तर जास्तच, कारण ओल आतच कोंडते.

पण सेल्फ लागला नाही की धावत जाऊन स्विच आणायचा नाही. रोहा तालुक्यातल्या एका तळ्यावर मी गेलो तेव्हा मालकाने एका महिन्यात तीन स्विच बदलले होते आणि चौथा आणायला माणूस पाठवला होता. खालची अर्थची पट्टी चौकटीला जिथे बसते तिथला बोल्ट काढला, तर खाली गंजाची पपडी. ती खरवडली, बोल्ट आवळला, पहिल्या चावीत मशीन सुरू. तीन स्विचचे पैसे गेले त्याचं मला काही वाटलं नाही; महिनाभर तळं रामभरोसे होतं याचा राग आला.

म्हणून क्रम पाळा. आधी बॅटरी. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर साडेबाराच्या वर दिसते. बारा दशांश दोन म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना ती दहाच्या खाली कोसळत असेल तर दोष बॅटरीत किंवा सेल्फमध्ये, चावीत नव्हे. मग फ्यूज आणि अर्थ. हे ठीक असेल तर सोलेनॉईडच्या बारीक वायरवर मीटरची लाल पिन ठेवा, काळी चौकटीला लावा आणि दुसऱ्याला चावी सेल्फवर धरायला सांगा. तिथे बॅटरीइतकेच व्होल्ट आले तर चावी निर्दोष आहे, सोलेनॉईड बघा. काहीच आलं नाही, किंवा सात-आठ व्होल्ट आले, तर दोष चावीत किंवा तिच्या वायरीत. मीटर नसेल तर घ्या. तळ्यात लाखाचं खाद्य ओतणाऱ्याने मीटर नाही म्हणून सांगू नये.

सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, ही तक्रार वेगळी. तिथे स्विच बदलून काही होणार नाही. बऱ्याच मशीनमध्ये ऑईल कमी झालं की ठिणगी आपोआप तोडली जाते, तेव्हा आधी ऑईल बघा. नाहीतर गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत असेल. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा, ताजं भरा.

दोष चावीतच निघाला तर बदलायचं काम अर्ध्या तासाचं आहे. बॅटरीची वजा बाजू आधी सोडा आणि जोडताना सर्वांत शेवटी जोडा. जुन्या स्विचमागच्या वायरींचा मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून खूण करा, मगच हात घाला. आणि ऐका, रंग बघून जोडू नका. प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. स्विचच्या मागे टोकांवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती जुळवा: बॅटरीचं टोक, सेल्फचं टोक, ठिणगीचं टोक आणि अर्थचं टोक. यातलं ठिणगीचं टोक फसवं. पेट्रोलच्या मशीनमध्ये ठिणगी इंजिन स्वतःच तयार करतं, आणि बंद करताना चावी या टोकाची वायर चौकटीला टेकवून ठिणगी तोडते. चुकून त्या वायरवर बॅटरीचे बारा व्होल्ट सोडलेत की इग्निशन कॉईल जळते. मग तो खर्च स्विचच्या कितीतरी पट, आणि भर पावसात माल मिळायचा नाही.

बाजारात 'बसेल की' म्हणून स्कूटरची किंवा ट्रॅक्टरची चावी हातात देतात. भोकात बसते, पण आतली जोडणी निराळी असते. नवा स्विच पॅनलला लावण्याआधी सुटा हातात धरून मीटरवर तपासा: बंदमध्ये ठिणगी आणि अर्थ ही टोकं एकमेकांना मिळाली पाहिजेत, चालूमध्ये ती सुटली पाहिजेत, आणि सेल्फमध्ये बॅटरी आणि सेल्फ मिळाले पाहिजेत. चावी सोडली की स्प्रिंगने ती आपोआप मागे आली पाहिजे. अडकत असेल तर दुकानातच परत करा. वायरींना लग चापून बसवा. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायरी खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळा टिकत नाहीत. जोडून झाल्यावर टोकांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

आता देशी उपायांचं. स्विचमध्ये रॉकेल ओतणं, पॉलिश पेपरने पाती घासणं, हातोडीच्या दांड्याने ठोकणं हे सगळं मी पाहिलंय. घासलं की वरचा मुलामा जातो आणि पुढच्या महिन्यात दुप्पट हिरवं चढतं. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉईडची टोकं जोडून सेल्फ मारणारे तर गावोगाव आहेत, आणि त्यांना त्याची प्रौढी असते. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर ठिणग्या उडवायच्या आणि याला हुशारी म्हणायचं? हे ताबडतोब थांबवा.

आणि घराच्या बेलचं बटण. वाशीच्या बाजूला एका तळ्यावर चावी खराब झाली म्हणून वायरमनने बेलचं बटण बसवून दिलं होतं. सोलेनॉईड ओढतो तेवढा करंट झेलायला ते बटण केलेलंच नसतं. दोन महिने चाललं. मग एका रात्री पावसात लाईट गेली, राखणदाराने बटण दाबलं आणि आतली पाती एकमेकांना चिकटून बसली. इंजिन सुरू झालं तरी सेल्फ सुटेना. बॅटरीची टोकं सोडायला पान्हा सापडेना. सेल्फ जळाला, केबलचं आवरण वितळलं, मशीन बंद पडलं. मी उजाडताना पोचलो तेव्हा बांधाच्या कडेने कोळंबीचा थर लागला होता आणि घरातल्या बायका टोपल्या घेऊन जे विकण्यासारखं होतं ते वेचत होत्या. मालक काही बोलत नव्हता. चार महिन्यांची कमाई काही शे रुपयांच्या वस्तूपायी गेली होती. ती सकाळ मी विसरलेलो नाही, म्हणून इतकं कडक लिहितो.

ठिणगीची वायर सुटी ठेवून 'सुरू होतो ना, झालं' म्हणणारेही भेटतात. ते मशीन चावीने बंद होत नाही. मग प्लगची टोपी हाताने ओढायची आणि ओल्या हाताला झटका खायचा. अशी जोडणी दिसली तर मी तळ्यावर पाऊल टाकल्याबरोबर ती आधी काढायला लावतो.

मशीन झोपडीत कोंडून चालवू नका. धुराने राखणदार झोपेतच जाईल. चेंजओव्हरशिवाय घरच्या बोर्डात वायर खुपसू नका. तो करंट उलटा खांबावर जातो आणि वर लाईनमन असतो. पंखे एकेक करून लावा, सगळे एकदम टाकलेत तर मोटरींचा सुरुवातीचा ओढा छोट्या मशीनला झेपणार नाही. आणि लाईट गेलेल्या रात्री खाद्य बंद.

स्विच बदलल्यावर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं मशीन चालवा, रिकामं नव्हे, पंखा जोडून. पहिली चाचणी रात्री दोनला घ्या. मेन बंद करा, तुम्ही बांधावर उभे राहा आणि राखणदाराला एकट्याला करू द्या. टॉर्च कुठे, चावी कुठे, पान्हा कुठे हे त्याला अंधारात सापडलं पाहिजे, आणि सेल्फ नाहीच लागला तर दोरी ओढून मशीन सुरू करणं त्याच्या हातात बसलं पाहिजे. त्याला जमलं नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा.